अस्तराचा हात

रंगूताईचं खरं नाव वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर उमेदवार म्हणून लागलं, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी विचारलं, ही कोण बाई आणि हिला मत कोण देणार? मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून सांगायला सुरुवात केली, "अहो, ही आपली रंगूताई. घरं रंगवते ती." गळ्यावर वस्तरा असताना कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळे प्रचार जोरात आहे असा सगळ्यांचा समज झाला, आणि खुद्द न्हाव्याचा तर फारच.

तिचं म्हणणं सोपं होतं. भाडं इतकं नको की पगार हातात येण्याआधीच संपावा. आणि कुणाला घराबाहेर काढायचंच असेल, तर आधी त्याला परवडेल असं दुसरं छप्पर दाखवा. गल्लीतल्या सगळ्या इमारती एका कंपनीने विकत घेतल्या होत्या. कंपनी कुणी पाहिली नव्हती, पाहिला होता तो तिचा मॅनेजर. अतिशय सभ्य माणूस. नोटीस द्यायला आला तरी दारात थांबून "येऊ का आत?" असं विचारायचा. भाडं वाढायचं, मग आणखी वाढायचं, मग एक दिवस सामान टेम्पोत चढायचं. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला की रंगूताई शिडी आणि डबे घेऊन आत जायची. आठवडाभरात खोली कोरी करकरीत, भाडं दुप्पट, नवी माणसं हजर. म्हणजे लोकांना काढत होती कंपनी, पण ते तिथे कधी राहतच नव्हते असं करून दाखवत होती रंगूताई. हे तिला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. ती स्वतःच स्वतःला म्हणायची, आणि ते पुरेसं होतं.

प्रचाराला दारोदार फिरताना तिच्या लक्षात आलं की यातलं एकही घर आपल्याला परकं नाही. समोरचा माणूस भाड्याबद्दल पोटतिडकीने बोलायचा आणि तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर जायची. तिथे आरशाचा खिळा होता, तो काढून भोक आपण बुजवलं. तिथे पलंग घासून पट्टा पडला होता. तिथे कुणाच्या तरी पोराने रंगीत खडूने घर काढलं होतं, धुराड्यासकट. भिंतींना कान असतात म्हणतात. असतील तर असोत बापडे, तिला धास्ती होती ती भिंतींना तोंड फुटण्याची.

आणि तसं तोंड तिच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत फुटलं होतं.

त्या खोलीत पूर्वी शिंपीकाका राहायचे. आता तिथे नवं जोडपं होतं. बायको फार्मसीत कामाला, नवरा गोदामात. रंगूताई मत मागायला गेली तेव्हा नवराच घरी होता. त्याने तिचं बोलणं अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, "मत देऊ हो, पण तुम्ही रंगकाम करता ना? मग आधी हे बघा."

आतल्या दाराच्या चौकटीवर खुणा होत्या. निळ्या शाईच्या आडव्या रेघा, एकावर एक, मांडीपासून कमरेपर्यंत. पांढऱ्या रंगातून त्या वर आल्या होत्या.

"मॅनेजरने दोनदा रंग मारून दिला. पुन्हा येतात. ते सोडा, पण या वरच्या बघा. आम्ही आलो तेव्हा या नव्हत्या."

कमरेच्या वर आणखी रेघा होत्या. या निळ्या नव्हत्या. रंगाची बारीक साल आडवी निघाली होती आणि खालचं लाकूड दिसत होतं. एक पोटाशी, एक छातीशी, एक त्याच्याही वर. रंगूताईच्या हातातली प्रचाराची पत्रकं खाली पडली. त्याला वाटलं बाईला चक्कर आली, म्हणून त्याने पाणी आणलं.

तिला चक्कर आली नव्हती. निळ्या खुणा तिला पाठ होत्या. शिंपीकाकांची एकुलती एक मुलगी, चिमी. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी काका तिला चौकटीला पाठ लावून उभी करायचे आणि डोक्यावर पट्टी धरून रेघ मारायचे. कमरेपाशी खुणा थांबल्या, कारण चिमी तिथेच थांबली. तापाचं निमित्त झालं आणि पोर दोन दिवसांत गेली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. कमरेच्या वर रेघ असायचं कारणच नव्हतं.

"पोर वाढतेय," असं रंगूताईच्या मनात आलं, आणि आलं ते गेलं नाही.

काकांना नोटीस मिळाली त्या दिवशी त्यांनी तिला जिन्यात गाठलं होतं. "रंगू, भिंतींचं काय करायचं ते कर. चौकट तेवढी सोड." ती म्हणाली, "सोडते काका." आणि तिने ती सोडलीही होती. पण काम बघायला आलेला मॅनेजर शांतपणे म्हणाला, "ताई, चौकट राहिली वाटतं." तो तिथेच उभा राहिला. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? तिने चौकट रंगवली.

फक्त अस्तर मारलं नाही. शाईवर, तेलावर, ओलीवर रंग द्यायचा तर आधी डाग अडवणाऱ्या अस्तराचा एक हात द्यावा लागतो, नाहीतर डाग वर येतो. रंगाच्या धंद्यात पाऊल टाकणारा पहिल्या दिवशी हे शिकतो. आपण घाईत विसरलो, असं तिने स्वतःला समजावलं. पण उभ्या आयुष्यात ती अस्तर विसरली नव्हती. स्वतःच्या लग्नात तिने हॉलच्या भिंतीला नख लावून म्हटलं होतं की याने अस्तर मारलेलं नाही.

काका काही दिवस संध्याकाळी यायचे. समोरच्या फुटपाथवर दिव्याच्या खांबाशी उभे राहायचे, आपल्या खिडकीकडे बघत. मग ते बहिणीकडे दुसऱ्या गावी गेले, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. बातमी आली त्या दिवशी रंगूताई कुणाची तरी खोली रंगवत होती. काम अर्धवट टाकून जाणं तिला जमलं नाही.

वरच्या मजल्यावर, रंगूताईच्या खोलीत, तिची आई खिडकीपाशी पलंगावर असायची. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. दिवसभर भिंतीला डोकं टेकून ती रस्ता बघायची. तिच्या डोक्याचा एक गोल तेलकट डाग भिंतीवर पडला होता. रंगूताई तो पुसायला गेली की म्हातारी ओरडायची, "हात लावू नकोस. माझ्या डोक्याची जागा आहे ती. जगाच्या भिंती चकचकीत करतेस, घरात एक डाग राहिला तर तुझं काय जातं?"

त्या दिवशी रंगूताई वर आली तेव्हा आई म्हणाली, "शिंपी आला होता."

"कोण शिंपी?"

"आता गल्लीत शिंपी किती आहेत? खांबाशी उभा होता. वाळलाय फार."

"आई, काका गेले. तुला सांगितलं होतं मी."

"हो, सांगितलं होतंस," म्हातारी म्हणाली. "पण ते त्याला कुणी सांगितलं नसेल."

रंगूताईने खिडकीतून पाहिलं. खांब होता, खांबाशी कुणी नव्हतं. तरी तिने खिडकी लावून घेतली.

अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती, आणि सकाळीच मॅनेजर दारात आला. "येऊ का आत?"

तो स्टुलावर बसला, आधी म्हातारीची तब्येत विचारली, मग टोपी गुडघ्यावर ठेवून बोलू लागला. "ताई, तुम्ही निवडून याल असं मला वाटत नाही, पण वरच्या लोकांना वाटतं. ते घाबरलेत. मी तुमच्याशी सरळ बोलतो. अर्ज मागे घ्या, ही खोली तुमच्या आईच्या नावावर, त्या आहेत तोवर. भाडं आहे तेवढंच. लिहून देतो."

"आणि नाही घेतला तर?"

"तर निकाल काहीही लागला तरी महिनाअखेर ही खोली रिकामी. ते माझ्या हातात नाही. मीसुद्धा भाड्यानेच राहतो, ताई." तो उठला आणि दारात वळून म्हणाला, "आणि तळमजल्याची ती चौकट. त्या मुलाने तक्रार केलीय. जाता जाता नीट करून टाका, तुमच्याच हातचं काम आहे."

तो जिना उतरून गेला. मग पलंगावरून आवाज आला. आवाजात नेहमीची धार नव्हती. "रंगू, मी काही सांगत नाही. तुझं तू बघ. पण मला इथून जायचंय गं. याच खिडकीतून बघता बघता. दुसऱ्याच्या घरात मरायला मला लाज वाटते."

रंगूताईने भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली. खाली न्हाव्याच्या दुकानात पत्रकांचा नवा गठ्ठा येऊन पडला होता आणि तो आल्यागेल्याला सांगत होता की आपला विजय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने त्याच्याकडे न बघता रस्ता ओलांडला, रंगाच्या दुकानातून डाग अडवणाऱ्या अस्तराचा लहान डबा घेतला, आणि परत आली. अर्ज मागे घ्यायचा कागद पर्समध्ये होता, सही करायची बाकी होती. आधी चौकट, मग वॉर्ड ऑफिस. एकदा अस्तर बसलं की कुणी वर येणार नाही. आणि आपणही सुटलो. तिला खरंच वाटत होतं की आपण सुटू.

या वेळी घरी फार्मसीवाली होती. पांढरा कोट अजून अंगात, दुपारच्या सुट्टीत जेवायला आलेली. तिने डबा पाहिला आणि दारातून हललीच नाही.

"नवऱ्याने तक्रार केली, मी नाही," ती म्हणाली. "मला त्या खुणा हव्यात. त्या माझ्या आहेत."

"तुझ्या कशा असतील बाई? त्या शिंपीकाकांच्या चिमीच्या आहेत."

"निळ्या चिमीच्या. वरच्या माझ्या. आम्ही एका बाकावर बसायचो. उंची अगदी सारखी, म्हणून बाईंनी एकत्र बसवलं होतं."

आणि तिने सांगितलं. चिमी गेल्यानंतरही या मुलीचा शाळेचा गणवेश काकाच शिवायचे. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती माप द्यायला यायची. काका आधी तिला चौकटीला पाठ लावून उभी करायचे, डोक्यावर पट्टी धरायचे, कानामागचा पांढरा मेणखडू काढून काहीतरी करायचे, आणि मग टेप घ्यायचे. "मला वाटायचं, सगळे शिंपी असंच माप घेतात. काकांना इथून काढल्यावर मी दुसऱ्या शिंप्याकडे गेले, तर आपोआप त्याच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. तो हसायला लागला. तेव्हा मला कळलं, की काका माझं माप घेत नव्हते."

रंगूताई मटकन खाली बसली. मेणखडू. पांढऱ्या चौकटीवर पांढरा मेणखडू, तिला दिसला नव्हता. मेणावर रंग धरत नाही, कितीही वेळा मारला तरी काही दिवसांत साल सुटते. इतकं साधं होतं. जिला ती भुताची करणी समजत होती, ती एका बापाची होती. भुताची असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, कारण भुताचं दुःख इतकं आतपर्यंत जात नाही. तिला रडू फुटलं. फार्मसीवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्या लेकीच्या वयाच्या मुलीसमोर आपण रडतोय याची तिला शरमही वाटली नाही.

"ऊठ, दाखवते," मुलगी एकदम एकेरीवर येऊन म्हणाली, आणि कोट काढून चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "ही खांद्याशी आहे ती शेवटची. त्यानंतर त्यांना काढलं."

रंगूताईने सवयीने मान वर केली. छातीशी एक होती. तिच्या वर खांद्याशी एक होती. आणि मुलीच्या डोक्याला बरोबर टेकून आणखी एक होती, ताजी, बारीक, साल अजून लोंबत असलेली.

मुलीने वळून पाहिलं. "ही कधीची?"

रंगूताईने नखाने खरवडून पाहिलं. मेण होतं. नखाखाली पांढरं अडकलं.

"मी एवढी उंच झाले ती काकांना काढल्यावर," मुलगी म्हणाली. "काका तर..."

दोघी उंबऱ्यावर बसल्या. रस्त्यावर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवत होतं. यंदा या मुलीचं पहिलं मतदान होतं. चिमीचंही असतं. रंगूताईच्या मनात आलं की माणसाला घराबाहेर काढता येतं, पण त्याला घरी यायचं थांबवता येत नाही, आणि आज आपण नेमकं तेच करायला आलो होतो. तिने डबा उघडलाच नाही. पर्समधला कागदही काढला नाही. ती तिथेच बसून राहिली. मुलीला कामावर उशीर झाला तरी तीही बसून राहिली. वॉर्ड ऑफिस बंद व्हायची वेळ टळून गेली तेव्हा रंगूताई उठली आणि डबा घेऊन जिना चढू लागली. गुडघे दुखत होते आणि तिला फार भीती वाटत होती.

आईने वळून न बघता विचारलं, "केलीस सही?"

"नाही."

म्हातारीने भिंतीला टेकलेलं डोकं सरळ केलं. मग म्हणाली, "तर मग पाणी तापव. माझं डोकं धुऊन दे. दुसऱ्याच्या घरी जायचं तर स्वच्छ जावं."

रंगूताई निवडून आली. न्हाव्याने त्या दिवशी सगळ्यांच्या दाढ्या फुकट केल्या आणि आनंदाच्या भरात दोघांना कापलंही. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. निकालाच्या हारांची फुलं सुकायच्या आत महिना संपला. मॅनेजरने शब्द पाळला. चार माणसांनी म्हातारीला खुर्चीत बसवून जिन्यातून खाली उतरवलं. वाटेत ती म्हणाली, "हळू रे, नगरसेविकेची आई आहे मी," आणि सगळे हसले, ती सोडून.

मामाच्या घरी तिला आतली खोली मिळाली. मामींनी काही कमी पडू दिलं नाही. पण त्या खोलीला खिडकी नव्हती. म्हातारी पहिले काही दिवस विचारायची, "रस्ता कुठल्या बाजूला आहे?" मग तिने विचारणं सोडलं. एका सकाळी रंगूताई चहा घेऊन गेली, तर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि निजलीच होती. आपण बरोबर केलं असं सगळे रंगूताईला सांगत होते. तिलाही ते कळत होतं. कळल्याने काही फरक पडत नव्हता.

ठराव त्यानंतर आला. भांडणं झाली, मॅनेजरची कंपनी कोर्टात जाऊन आली, पण अखेर तो मंजूर झाला. परवडेल असं दुसरं छप्पर दाखवल्याशिवाय वॉर्डात कुणालाही घराबाहेर काढायचं नाही. फार्मसीवालीची खोली वाचली, चौकट वाचली, गल्लीतली कितीतरी घरं वाचली. ठराव मागच्या तारखेपासून लागू होत नाही, हे सभागृहात तिनेच वाचून दाखवलं. वाचताना आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या संध्याकाळी हार आणि माणसं टाळून ती जुन्या गल्लीत आली. पाय आपोआप समोरच्या फुटपाथवर, दिव्याच्या खांबाशी थांबले. वरच्या मजल्यावरची तिची खिडकी सताड उघडी होती. आत शिडी उभी होती, आणि शिडीवर तिच्या धंद्यातला जुना जोडीदार, दाढीला रंगाचे शिंतोडे लागलेला. कोर्टाच्या भांडणात इतके दिवस कुलूप लागलेली खोली आता नव्या भाडेकरूंसाठी कोरी होत होती.

त्याने तिला पाहिलं आणि ओशाळून खिडकीत आला. "रंगूताई, मला दुसरं काम नव्हतं गं."

"असू दे. मीही केलंय तेच."

तो घुटमळला. "इथे खिडकीपाशी भिंतीला तेलाचा डाग आहे. गोल. डोकं टेकून पडल्यासारखा." त्याला तो कुणाचा हे ठाऊक नव्हतं. "मोठा आहे. अस्तराचा एक हात मारून घेतो आधी, नाहीतर वर येईल."

रस्त्यावरून माणसं घरी चालली होती. रंगूताईने वर बघत मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "अस्तर नको. नुसता रंग मार."

"अगं, पण वर येईल ना."

"येऊ दे."

तो आत गेला. रोलर भिंतीवर फिरल्याचा ओला आवाज खाली ऐकू यायला लागला. काम पुरं होईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं. खांबाशी जागा तशी थोडीच होती. ती जराशी बाजूला सरकून उभी राहिली, शेजारी आणखी एकाला उभं राहता येईल एवढी.